आकाश दिसायला हवं

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या पूजेच्या परडीत, फुलांच्या शेजारी, एक काळी डबी असते. फोनवरून तुम्ही तिच्याबद्दल विचारलंत, तेव्हा आजोबा समोरच बसले होते, म्हणून मी विषय बदलला. आता नीट लिहिते.

गेल्या वर्षापासून ते रस्ते विसरू लागले. जन्म दूधविनायकाच्या गल्ल्यांत गेला, तरी वळणावर थांबून विचारात पडत. पहाटे एकट्यानं गंगेवरच्या पंचगंगा घाटावर स्नानाला जाणं मात्र त्यांना सोडायचं नव्हतं. “ते बंद केलंत, तर मी उठू तरी कशाला?” असं ते एकदा म्हणाले.

तुमची मावशी इथल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिनं आधी सिमकार्डाची एक डबी बनवली होती. बटण दाबलं की आमचा फोन वाजायचा. पण रस्ता विसरणारा माणूस बटणही विसरतो. म्हणून तिनं त्याच डबीत उपग्रहांवरून जागा ओळखणारा एक छोटा रिसीव्हर बसवायचं ठरवलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं चार बारीक तारा जोडल्या. जागा सापडली की त्यावरचा दिवा लुकलुकायला हवा होता. तो लुकलुकेना. तिनं तारा पुन्हा तपासल्या, प्रोग्रॅम पुन्हा घातला. शेवटी ती सगळं गच्चीवर घेऊन गेली, आणि थोड्या वेळानं दिवा लुकलुकू लागला.

“याला आकाश दिसायला हवं, बाबा. खिशात नाही चालायचं.”

“मग आकाशदिव्याच्या टोपलीत ठेव आणि चढव बांबूवर,” आजोबा म्हणाले. कार्तिक चालू होता, टोपलीत दिवा ठेवून वर चढवायचे उंच बांबू घाटावर उभे होते. आम्ही सगळे हसलो.

परडी वेताची आणि वरून उघडी, म्हणून डबी तिच्यात बसवली. अरुंद गल्ल्यांत ती चुकायची. एकदा तर आमच्या फोनवरच्या नकाशात तिनं त्यांना गंगेच्या मधोमध दाखवलं. पण घाटावर ती अचूक असे आणि आम्हाला तेवढं पुरत होतं.

मग एके दिवशी ते वेळेवर परतले नाहीत. फोनवर पंचगंगेची पायरी दिसत होती, पण ती खूण जुनी होती, पुढे काहीच नव्हतं. आम्ही दोघी घाटावर उतरलो. नावाडी पायऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “बाबूजी तो कब के ऊपर गए.”

ते रामघाटाच्या गल्लीत सापडले. वेदशाळेच्या ओट्यावर, मांडीवर परडी घेऊन, आतल्या मुलांचं पठण ऐकत बसले होते.

“अहो, इथे काय करताय?”

“कोणीतरी ओळखीचं येईल म्हणून बसलो,” ते म्हणाले.

परडीत डबी नव्हती. मावशीनं परडीतला त्यांचा पूजेचा पितळी डबा उघडला. कोरड्या वस्तू आपल्या घरी त्याच डब्यात जातात. अक्षतांच्या पुडीवर डबी अलगद ठेवलेली होती, वर घट्ट झाकण. त्या पितळेतून तिला ना उपग्रह सापडत होते, ना फोन.

“लोक अंगावर पाणी उडवतात,” आजोबा म्हणाले. “भिजू नये म्हणून ठेवली. किती खपलीस तू तिच्यासाठी.”

मावशी रागावणार होती. ती गल्लीच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

घरी आल्यावर ती मला हळूच म्हणाली, “आई, आता यांना एकट्यानं सोडायचं नाही.” मी मान हलवली. हे त्यांना कोणी सांगायचं, ते मात्र ठरेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्नानाच्या कपड्यांत दाराशी उभे होते. परडीत फुलं होती, त्यांच्या शेजारी डबी, आकाशाकडे तोंड करून, मावशीनं शिकवलं होतं तशी. लग्न झाल्यापासून स्नानाला त्यांनी मला कधी सोबत नेलं नव्हतं. ती वेळ त्यांची एकट्याची होती.

“येतेस का?” त्यांनी विचारलं.

मी चपला घातल्या. जिथे वळणं फसवी आहेत, तिथे मी जरा पुढे झाले. घाटावर पोचल्यावर त्यांनी परडी माझ्या हाती दिली आणि ते पाण्यात उतरले.