शेणकिडा आणि सोनकिडा

काय तो काळ! दूर अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. तेल्हाऱ्याची मैनाबाई मात्र अकोल्याकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांमागून टोपली घेऊन शेण वेचत चालायची. नवरा नत्थुजी अबोल. घराचा आवाज तिचाच. त्या शेणखतावर तिनं आपलं रान कसदार ठेवलं, लेक सुभद्रा वाढवली.

सुभद्रेला कुंकू लावायला अंजनगावचे खुशालराव मुलाला, जानरावला, घेऊन आले. ऐटीत मांडी घालून बसले आणि हिरवे पंख टाचलेली झगमगती चोळी त्यांनी पुढे केली.

"इहीनबाई, हे सोनकिड्याचे पंख. आमच्या घराले सोनकिडे शोभतेत, शेणकिडे नाई. टोपली सोडा, मंगच सोयरीक!"

नवरदेवाला लावायला आणलेलं कुंकवाचं ताट मैनाबाईनं बाजूला ठेवलं.

"उठा मंग!"

"काहून?"

"बसले ते जमीन सकाळीच शेणानं सारवली मी. उठा!"

खुशालराव दचकून उभे राहिले. धोतर झटकू लागले.

"शेणकिडा पायला का कधी?" मैनाबाई कडाडली. "डोकं खाली घालते, मांगच्या पायानं गोळी ढकलत नेते. मातीत पुरते, लेकरायची सोय करते. त्याच्या बिळातून पानी मुरते, रान भुसभुशीत होते. अन् तुमचा सोनकिडा? बाभळीवर बसून चमकते, पाला कुरतडते. त्याची अळी मुळं पोखरते. झाड वाळलं की समजते, पाव्हना कोन होता ते! त्याचे पंख मले दाखवता?"

"अपमान!" खुशालराव गरजले. "चाल रे जानराव!"

दाराआडून सुभद्रेचा आवाज आला, "आई, उभ्या मानसाले कुंकू लावत नाईत. ज्याले पायजे तो बसंल."

खुशालराव तरातरा अंगणात गेले, गाडीत चढले. जानराव मात्र हलला नाही. उलट, बूड नीट टेकवून त्यानं मान पुढे केली.

मैनाबाईचा राग काही उतरला नव्हता. तिनं अंगठा असा दाबून ओढला, की पोराची मान मागे गेली. कुंकू नाकापर्यंत ओघळलं.

"येतोस का नाई?" गाडीतून हाक आली.

"थांबा ना बाबा," जानराव म्हणाला, "कुंकू ओलं हाये."