महोगनीच्या शेंड्यातली वेल

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. देल्फिनो त्सुलने यांत्रिक करवतीचं पातं महोगनीच्या बुंध्यात सरळ खुपसलं आणि बाहेर उडणारा भुसा तळहातावर घेतला. लालसर, कोरडा. काळा, ओला निघाला असता तर झाड आतून पोकळ, आणि पोकळ झाड तसंच उभं ठेवायचं. हे पाडायचं होतं.

ग्वातेमालातल्या पेतेनचं हे जंगल गावाने सरकारकडून सांभाळायला घेतलं आहे. दर वर्षी एक तुकडा उघडायचा, मोजकी झाडं काढायची, बियांसाठी राखलेल्यांना हात लावायचा नाही, मग तीस वर्षं तो तुकडा बंद. देल्फिनो बावन्न वर्षांचा आहे. आज राहिलं तर हे झाड त्याच्या हातून कधीच पडणार नव्हतं.

पामच्या पानांचा भारा घेऊन जाणारा त्याचा मेव्हणा रिगो पायवाटेवर थांबला आणि मान वर करून बघत राहिला.

"दाजी, करवत बंद करा."

"का? झोप मोडते तुझी?"

"वर बघा. तुमच्या महोगनीने माझ्या चिकूला मिठी मारलीय."

शेजारच्या रानचिकूच्या सालीवर तिरक्या जुन्या खाचा होत्या. पावसाळ्यात रिगो च्युइंगगमसाठी त्याचा चीक काढतो. आधी त्याचे वडील काढायचे. मनगटाएवढी जाड वेल चिकूच्या शेंड्यातून महोगनीत शिरली होती. वेली वर्षभर आधी कापून ठेवतात, म्हणजे पाडायच्या वेळेपर्यंत कुजून सुटतात. इथल्या वेली देल्फिनोनेच कापल्या होत्या. ही लांबच्या तिसऱ्याच झाडामागून चढलेली, त्याच्या नजरेतून सुटली. महोगनी पडली की चिकूलाही ओढून खाली आणणार.

"ताईला सांगतो, दाजींना चष्मा घेऊन दे म्हणून."

"सांग. खालून कापून आता उपयोग नाही. राहू दे झाड." देल्फिनोने करवत खाली ठेवली.

"राहू दे काय? लाकूड गावाचं आहे. वर जाऊन कापू."

"चढणार कोण?"

"तुम्ही नाही. तुमच्या पोटाखाली फांदी मोडेल."

रिगो छावणीवरून चीक काढताना वापरायचा दोर आणि पायांना बांधायचे लोखंडी काटे घेऊन आला. चिकूवर चढला. वरून कोयत्याचे घाव ऐकू आले, शिव्याही, आणि वेलीचं टोक महोगनीकडे झोका घेत सुटलं.

तो उतरून लांब उभा राहिल्यावर देल्फिनोने दक्षिणेच्या मोकळ्या जागेकडे खाच घेतली, मागून काप दिला, पाचर ठोकली. महोगनी तिथेच आडवी झाली. धूळ बसल्यावर रिगोने चिकूभोवती फेरी मारली.

"एक फांदी गेली. बोटाएवढी."

"भरून देऊ का?"

"तुमच्या डब्यातून."

दोघांनी घेवड्याच्या उसळीबरोबर मक्याच्या भाकऱ्या खाल्ल्या. रिगोने दोन जास्त घेतल्या.

ओंडका ओढायला ट्रॅक्टर उद्या सकाळी सातला येणार आहे. त्याची वाट दक्षिणेकडून आखली आहे, चिकूच्या मुळांपासून पंधरा मीटर दूर.