नववा प्रश्न

माझ्या वकिलीची पहिली चार-पाच वर्षं दुसऱ्यांनी नको म्हटलेल्या कामांवर गेली. बाई वकील पाहिली की पक्षकार दारातूनच "साहेब नाहीत का?" असं विचारत. आमचे वकीलबंधू मला खुर्ची द्यायला जेवढे तत्पर, तेवढे काम द्यायला नसत. फक्त एखाद्या बाईमाणसाची साक्ष गावी जाऊन घ्यायची असली, की सगळ्यांना एकदम माझी आठवण व्हायची. अशा वेळी कोर्ट एखाद्या वकिलाला कमिशनर नेमतं. त्यानं जायचं, शपथ द्यायची, प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून आणायची. उन्हातान्हात एसटीनं हाडं खिळखिळी कोण करून घेणार? मग मी होतेच.

मुळशीचं काम असंच माझ्याकडे आलं. पन्नासचं दशक संपत आलं होतं. मूळ कागद आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरातल्या कोर्टाचा होता आणि मला आधी त्याची गंमतच वाटली. कोर्ट कितीही मोठं असो, परमुलखातल्या साक्षीदारावर त्याचा हुकूम चालत नाही. शेजारणीकडे विरजण मागावं तसं तिथल्या कोर्टाकडे मागावं लागतं. आमच्यापुढे असा असा दावा आहे, तुमच्या हद्दीत अमुक बाई राहते, तिला एवढं विचारून कळवा. त्या कोर्टानं आपल्याकडच्या वरच्या कोर्टाला विनंती केली, तिथून ती जिल्ह्याच्या कोर्टात उतरली आणि तिथून माझ्या पिशवीत. लाल फीत, लाखेची मोहोर आणि आत टाईप केलेले सतरा प्रश्न.

मुळशीकडचा एक माणूस तरुणपणी मुंबईला गोदीत गेला, गोदीतून बोटीवर चढला आणि त्या बंदरात उतरला तो तिथलाच झाला. तिथे त्यानं दुकान काढलं, घर बांधलं, एका बाईशी संसार केला, दोन मुलं झाली. तो वारल्यावर वारस कोण हा वाद निघाला, कारण त्याची लग्नाची बायको हिंदुस्थानात असल्याचं कुणीतरी तिथल्या कोर्टाला सांगितलं. अशी बाई खरोखर आहे का आणि ती त्याची बायको आहे का, एवढंच मला विचारून यायचं होतं.

नियम कडक होते. प्रश्न दिलेल्या क्रमानंच विचारायचे. मराठीत सांगताना पदरची भर घालायची नाही, साक्षीदार बोलेल तेवढंच लिहायचं. मला हे नियम मनापासून आवडत. माझा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत विषमज्वरानं गेला होता आणि तेव्हापासून लोक माझ्याशी पदरची बरीच भर घालून बोलत आले होते. कोर्टाच्या प्रश्नांत कणव नसते, हा मला त्यांचा मोठा गुण वाटे.

साक्ष पौडच्या चावडीत ठेवली होती. पिरंगुट गेलं आणि एसटीत मी एकटीच बाई उरले. चावडीत तलाठ्यांनी साक्षीदाराची ओळख पटवून सही केली आणि ते चहाला गेले. तिचा दीर तिला घेऊन आला होता, त्याला मी बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं.

"धरणाच्या जिमनीचं काम हाय न्हवं, वकीलबाई?" त्यानं विचारलं.

त्या मुलखात कोर्टाचा कागद म्हणजे पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा, हे सगळे धरूनच चालत. तीस वर्षं उलटली तरी त्यांची ती आस सुटली नव्हती. समन्स आल्यावर दिरानं तिलाही तेच सांगितलं असणार. साक्षीबद्दल बाहेर बोलता येत नाही, असं म्हणून मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.

मग मी तिला नीट पाहिलं. पन्नाशीला टेकलेली, काटक बाई. धुवट लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या आणि कपाळावर ठसठशीत कुंकू.

तिचा नवरा जाऊन अकरा महिने झाल्याचं माझ्या कागदात लिहिलं होतं आणि तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण होतं? एवढ्या कोर्टांतून तो कागद फिरला होता, पण तिला सांगणं हे काम कुणाच्याच वाट्याला नेमून दिलेलं नव्हतं. सतराही प्रश्न मी घोकून पाठ केले होते, तरी ही गोष्ट माझ्याही डोक्यात आली नाही. इतर कुणाच्या नसेल आली, पण माझ्या यायला हवी होती.

मी शपथ दिली आणि सुरुवात केली. नाव, गाव, वय. नवऱ्याचं नाव ती घेईना, म्हणून मी कागदावरचं वाचलं आणि तिनं लाजून मान हलवली. लग्न कुठं लागलं, कोण कोण हजर होतं, तो गाव सोडून कधी गेला, पत्र कधी आलं. एकदा मनीऑर्डर आणि एकदा कार्ड, एवढंच आलं होतं. आठवा प्रश्न ती कुठं राहते असा होता.

"गाव पान्यात गेलं तवा समदी उठून डोंगराच्या पल्याड गेली," ती म्हणाली. "मी न्हाई गेले. त्यास्नी जुनंच घर ठावं. आलं तर यायचं कुटं? म्हनून घराच्या वरच्या अंगाला, पान्याच्या कडंला खोप घातली. एकलीच ऱ्हातीया."

साक्षीदार एकटी राहते, असं मी लिहिलं. नववा प्रश्न असा होता: सदर मयत इसमाची तू विधवा आहेस काय? त्याखाली सूचना होती, की उत्तर नकारार्थी आल्यास पुढील प्रश्न विचारू नयेत.

'मयत' हा शब्द मी गिळला. भर घालू नये असा नियम आहे, गाळू नये असं कुठे म्हटलंय, अशी मनाशी वकिली केली आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या विधवा आहात का?"

तिनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं.

"न्हाई," ती ताडकन म्हणाली. "शिकल्या-सवरलेल्या दिसता की, बाई. सवाष्णीला असलं वंगाळ कुनी इचारतं व्हय? कुकू दिसंना का?"

नियमाप्रमाणे मी 'नाही' लिहून उठायला हवं होतं. तिच्यापुरतं ते उत्तर अगदी खरं होतं. पण समुद्रापलीकडे त्याचा अर्थ एवढाच झाला असता, की ही बाई त्याची कुणी नव्हे. तीस वर्षांची वाट माझ्या हातानं एका शब्दात खोडली जाणार होती. मला ते सोसवलं नाही. मी पेनाला टोपण लावलं आणि तिला सांगितलं. मला जसं कुणी सांगायला हवं होतं तसं, सरळ आणि थोडक्यात.

ती ओरडेल म्हणून मी दाराकडे पाहिलं. तीही दाराकडेच पाहत होती.

"कवा?" तिनं हळू विचारलं.

"अकरा महिने झाले."

ती बोटांवर महिने मोजत राहिली. "मंग संक्रांतीला म्या वाण लुटलं, त्ये?"

मी होकारार्थी मान हलवली.

"तितं जवळ कोन व्हतं?"

बाई होती, दोन मुलं होती, असं मी सांगितलं.

"रडाया कुनीतरी व्हतं म्हंजे," ती म्हणाली.

मग मी माझ्या कामावर आले. अंगठा उठवण्याआधी उत्तर बदलता येतं, हे तिला सांगितलं. होय म्हणालात तर ते कोर्ट तुम्हाला त्यांची बायको म्हणून धरेल, वाटाही देईल.

"त्याचा कागद हितं यील?"

"येईल."

"तलाठी वाचंल. दीर ऐकंल." तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या. "वाट बघतीया म्हनून मला तितं ऱ्हाऊ देत्यात, बाई. कुकू गेलं की दीर न्हिऊन पडवीत बशिवल. त्यो वाईट न्हाई. पन मला माजी खोप पायजे. न्हाईच ऱ्हाऊ द्या."

"पण मग तिथे तुम्ही त्यांच्या कुणीच ठरणार नाही."

"तितं मी कवा व्हते?" ती म्हणाली.

मी 'नाही' लिहिलं. पुढचे आठ प्रश्न सूचनेप्रमाणे विचारायचे राहिले. तिनं अंगठा उठवला. साक्षीदारास प्रश्नांखेरीज काहीही सांगितलेले नाही, असा छापील दाखला शेवटी होता. त्याखाली मी सही केली.

माझा नवरा गेला तेव्हा घरात बायांची गर्दी जमली होती. काय झालंय ते मला पुरतं उमगायच्या आत कुणीतरी माझं कुंकू पुसलं होतं. त्या हाताचा मी पुढे कैक वर्षं राग राग केला. त्या दिवशी चावडीत पहिल्यांदा वाटलं, की निदान मला मोठ्यानं रडू तरी दिलं होतं.

तिनं कोपऱ्यातल्या मडक्यातलं पाणी घेऊन तोंड धुतलं. कपाळाला पाणी लागू नये म्हणून ती फार जपत होती. मग पदर सारखा करून ती बाहेर गेली.

"काय झालं, वहिनी?" दिरानं विचारलं.

"काय न्हाई. दुसऱ्याच कुनाचं काम व्हतं."

"एक दिस वाया घालिवला लेकांनी," असं म्हणून त्यानं सरकारला दोन शिव्या हासडल्या. ती त्याच्या मागून गुमान चालू लागली.

कागद बिनबोभाट पोचले. काम चोख केल्याबद्दल मला कोर्टात शाबासकीही मिळाली आणि तशी आणखी दोन कामं आली. मुळशीला रोज एसटी जात होती. एखादा दिवस काढून तिच्याकडे जावं, असं मी किती वेळा मनात आणलं. मी गेले तर लोकांना संशय येईल, ती अडचणीत सापडेल, अशी कारणं मला लगेच सुचत. कारणं शोधण्यात वकिलाचा हात कोण धरणार? खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तिच्याजवळ बसले असते तर मीच रडले असते. पण तिचा नवरा मेलाय हे तिच्याखेरीज त्या साऱ्या मुलखात एकट्या मला माहीत होतं. तिला त्याच्याबद्दल बोलावंसं वाटलं असतं, तर बोलायला माझ्यावाचून कुणीच नव्हतं, आणि मी गेले नाही.