रुफीनो मोंतासचा उजवा हात

रुफीनो मोंतासच्या उजव्या हाताला सान पेद्रोत कुणी कधी नावं ठेवली नाहीत. हात चांगला होता. चांगला, इतकंच, आणि त्या गावात बेसबॉलचा चेंडू फेकणारे चांगले उजवे हात उसासारखे मोळीनं मिळत.

त्याचे वडील तेओफिलो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. गळीत हंगाम संपला की बाप रिकामा. मग रोज संध्याकाळी मागच्या अंगणात ते पोराकडून मोज्यांचा गुंडाळलेला चेंडू टाकून घेत. आई एउलालिया चर्चच्या वेदीची वस्त्रं शिवायची. नन्सच्या शाळेत वाढलेली बाई. चमचा ताटाच्या कोणत्या बाजूला ठेवायचा, यालाही तिच्या घरात नियम होता. तीन वर्षांचा रुफीनो डाव्या हातानं चमचा धरू लागला, तेव्हा तिनं निळी रिबीन काढली आणि जेवताना त्याचा डावा हात खुर्चीला बांधू लागली. मारलं कधीच नाही. तीन वर्षं, दोन्ही वेळा, नीट फूल काढून बांधायची. तो शाळेत गेला तेव्हा उजव्या हातानं वळणदार अक्षर काढत होता, उजव्या हातानं क्रूसाची खूण करत होता आणि चेंडूही उजव्यानंच टाकत होता. खिळा तेवढा डाव्यानं ठोकायचा, तोही आई घरात नसताना.

तो सतरा वर्षांचा असताना चिलो त्याला चाचणीला घेऊन गेला. कारखान्यामागच्या माळावर पोरं तयार करणं हा चिलोचा धंदा. एका अमेरिकन संघाचा माणूस वेग मोजायचं यंत्र घेऊन खुर्चीत बसला होता. रुफीनोनं बारा चेंडू टाकले. त्या माणसानं यंत्रात पाहिलं, वहीत काही लिहिलं नाही.

"अठ्ठ्याऐंशी मैल. असे माझ्याकडे अकरा आहेत. डावरा आहे का कुणी?"

रिबिनीची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. चिलो म्हणाला, "साहेब, हाच होता. आईनं सुधारला."

रुफीनोनं हे घरी सांगितलं, तेव्हा तेओफिलो ताटावरून उठून अंगणात गेले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत. एउलालियाची सुई थांबली नाही. "मी तुला चार माणसांत बसून जेवायला शिकवलं," ती म्हणाली. "त्या लोकांना डावाच हात लागतो, हे मला कुणी येऊन सांगितलं होतं का?"

त्यानं सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, महिनाभर अबोला धरून पाहिला. आई रोज सकाळी त्याच्यासमोर कुस्करलेली केळी आणि तळलेलं चीज ठेवायची, चमचा उजव्या बाजूला.

एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या एका संघानं त्याला घेतलं. त्या वयाला तिथे म्हातारपणच म्हणतात. सात वर्षं तो अमेरिकेतल्या लहान लहान गावांत खेळला. त्याच्या खोलीत बेनिसियो नावाचा त्याच्याच मुलखातला डावरा होता. बेनिसियोचा चेंडू पाच मैलांनी हळू. सरावाला उशिरा यायचा, पोट सुटलेलं. दरवर्षी यादी लागली की बेनिसियो वरच्या संघात आणि रुफीनो तिथेच. एका हिवाळ्यात रुफीनोनं गोदामाच्या भिंतीवर डाव्या हातानं चेंडू टाकून पाहिले, लपूनछपून, अडीच महिने. खिळा नेमका ठोकणारा तो हात चेंडू मात्र भलतीकडेच फेकत होता. भिंत मोठी होती, तरी चुकायची.

सव्विसाव्या वर्षी प्रशिक्षकानं त्याला खोलीत बोलावून सांगितलं की, तू चांगला आहेस. त्याच दिवशी त्याचं सामान बांधलं गेलं. पुढे दोन वर्षं निकाराग्वा, एक वर्ष मेक्सिको, मग खांदा गेला.

आता तो सान पेद्रोत दारं-खिडक्या बसवतो. खांदा गेल्यापासून हातोडा उघड उघड डाव्या हातात असतो. त्याचा मुलगा अमाउरी आठ वर्षांचा. पोरगा जन्माचा उजवा. रुफीनोनं संघातला जुना पट्टा काढला, पोराचा उजवा हात पाठीमागे कमरेशी बांधला आणि रोज तास न् तास डाव्यानं चेंडू टाकायला लावू लागला. गल्लीत आणखी दोन बाप हेच करत होते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. त्याची बायको मिरेया तेवढी म्हणायची की पोरगं जेवत नाही. चौदा महिने झाले. चेंडू शेजाऱ्याच्या कोंबड्यांत जायचा, वाळत घातलेल्या कपड्यांवर जायचा, समोर मात्र जात नव्हता.

एका रविवारी प्रार्थना आटोपून एउलालिया आली, तेव्हा चेंडू तिच्या छत्रीवर आदळला. तिनं छत्री मिटली, पोराच्या मागे गेली आणि पट्टा पाहिला.

"मी रिबीन बांधायची," ती म्हणाली. "तीही जेवण होईपर्यंत."

"तू बांधली नसतीस तर मला हे बांधावं लागलं नसतं."

"माझं चुकलं असेल. पण तुझा हात मी तुला विचारून बांधला नव्हता. तू तरी याला विचारलंस का?"

त्या चाचणीपासूनच्या तेवीस वर्षांत तिच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला, तोही 'असेल' जोडून. त्याच्याकडे हजार उत्तरं तयार होती. सगळी जुनी. अमाउरी डाव्या हातात चेंडू धरून मान खाली घालून उभा होता.

रुफीनोनं पट्टा सोडला. मनगटावर लाल वळ होता. एउलालिया तो चोळायला लागली, पण पोरानं हात सोडवून घेतला, चेंडू उजव्या हातात घेतला आणि टाकला. चेंडू कुंपणाच्या फळीवर मधोमध बसला. फळीचा आवाज रुफीनोच्या ओळखीचा होता. स्वतःच्या चेंडूचा तोच आवाज त्यानं वीस वर्षं ऐकला होता.

"कसा होता, बाबा?"

खोटं बोलणं सोपं होतं. "चांगला," रुफीनो म्हणाला.

"म्हणजे खूप चांगला?"

"चांगला. अजून टाकायचाय का तुला?"

पोरगा चेंडू आणायला धावलाही होता. रुफीनोनं पट्टा आपल्या कमरेला घातला. चौदा महिने पिळून त्याला पडलेली घडी काही केल्या सरळ होईना. घराच्या पायरीवर बसलेली एउलालिया म्हणाली, पट्टा जरा ओला करून वजनाखाली ठेव.