वापरली कमी, पुसली जास्त

सौंदडच्या गिरजाबाई पटल्यांच्या घरात नवी वस्तू आली की तिला आधी कपाट मिळतं, मग काम. मुलीच्या, रविताच्या लग्नात आलेला काचेचा सेट अजून खोक्यातल्या कागदातच बसून आहे. मिक्सर आहे, पण रोजची चटणी पाट्यावरच. पाहुणा आला की मिक्सर बाहेर निघतो, एकदा गुरगुरतो आणि अंग पुसून पुन्हा खोक्यात जातो. याला कुणी कंजूषपणा म्हणत असेल, तर त्यानं एकदा गिरजाबाईंच्या पंगतीला बसावं. भातावर तूप वाढताना त्यांचा हात कधी आखडला नाही. माणसांवर खर्च करायचा आणि वस्तू जपायच्या, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

म्हणून त्यांचे यजमान पुरनलाल गोंदियाहून वेल्डिंगची मशीन घेऊन आले, तेव्हा तिचंही तेच झालं. मशीन नव्या पद्धतीची, बाजाच्या पेटीपेक्षा लहान, पट्टा लावून खांद्याला अडकवता येईल अशी. पुरनलाल तरुणपणी राइस मिलमध्ये फिटरच्या हाताखाली होते, पुढं शेतीत पडले तरी लोखंड पाहिलं की त्यांचे हात शिवशिवायचे. ट्रॉलीचा आकडा, विहिरीवरची जाळी, गिरजाबाईंच्या माठाखालचं तिकाटणं, एवढं त्यांनी हौसेनं जोडलं. त्यापुढं मशीन गिरजाबाईंच्या ताब्यात गेली. त्यांनी जुन्या लुगड्याचं अस्तर लावून तिला खोळ शिवली. दर शुक्रवारी त्या खोळ काढून तिला पुसत. दसऱ्याला हळदकुंकू वाहत. पाठीमागं एक छोटी पितळी पट्टी होती, तिच्यावर बारीक अक्षरं. ती काळवंडली म्हणून एकदा त्यांनी चिंच लावून तांब्यासारखी घासली. पट्टी अशी चमकली की तिच्यात पाहून कुंकू लावता यावं.

सगळं असंच सुखात चाललं असतं, पण पुरनलाल, जन्मात कधी बढाई न मारलेला माणूस, संक्रांतीला व्याह्यांच्या घरी एक वाक्य बोलून बसले.

व्याही म्हणजे टेकचंद, चिचगडचे. त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि फाटक देवरीहून करून आणावं की काय, असं चाललं होतं. पुरनलालनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, फाटक माझ्याकडून, माझ्या हातचं. ओसरीवर दहा माणसं बसलेली. टेकचंदनी सगळ्यांकडे पाहून घेतलं.

"तुमच्या हातचं, इवाई? पाहा बरं. घरभरनीच्या दिवशी मानसाच्या आधी बकऱ्या नाई शिरल्या पायजे."

सगळे हसले. रविताही हसली, पण जरा उशिरा. ते गिरजाबाईंनी पाहिलं. फाटक चांगलं झालं तर पोरगी त्या घरात मान वर करून जाईल-येईल. नाही झालं तर जन्मभर कुणीतरी फाटकाकडे पाहून तिच्या बापाचं नाव काढेल, आणि तेही हसत हसत. हसत हसत काढलेलं नाव पोरीला कसं बोचतं, हे गिरजाबाईंना स्वतःच्या सासरावरून ठाऊक होतं.

घरभरणी वैशाखात होती. पुरनलालनी चैत्रात फाटकाच्या दोन दारांपैकी एक पल्ला पुरा केला. वर भाल्याची टोकं, मधल्या कडेला अर्धा सूर्य, सूर्याला किरणं. आंब्याच्या झाडाला तो टेकवून ठेवला तर येणारे-जाणारे थांबून पाहायचे. दुसऱ्या पल्ल्याचे पाइप कापून झाले, उरलेला अर्धा सूर्य आखून झाला आणि मशीन थांबली. दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पण रॉड लोखंडाला टेकवला तर काडीचीही ठिणगी नाही. पुरनलालनी वायरी बदलल्या, चिमटा घासला, शेवटी मशीनकडे टक लावून बसले. गिरजाबाई म्हणाल्या, अशी पाहून सुधरली असती तं मी कधीची पाहिली असती.

गावात वेल्डिंगवाला होता, योगराज. पण योगराज टेकचंदचा मावसभाऊ. त्याच्याकडे पाइप गेले असते, तर फाटकाच्या आधी बातमी चिचगडला पोचली असती. त्यामुळे ते दार बंद.

पुरनलाल मशीन घेऊन गोंदियाला गेले आणि मशीन घेऊनच परत आले. सोबत कंपनीच्या फोन नंबरचं एक कार्ड तेवढं होतं. मशीन विकणारा दुकानदार मुन्नालाल म्हणाला होता, वॉरंटी संपली, आता हे कंपनीचं काम. पुरनलाल भांडणारे नव्हतेच, त्यात हिंदीत तर मुळीच नाही. ते हात-पाय धुऊन गुपचूप जेवायला बसले.

फोन गिरजाबाईंनी लावला. आधी बाजा वाजला. मग एका बाईनं सांगितलं की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. गिरजाबाईंना बरं वाटलं. मग पुन्हा बाजा. त्यांनी मोबाइल चुलीजवळच्या फळीवर मोठ्या आवाजात ठेवला आणि भाकरी थापायला घेतल्या. टोपलं भरलं तरी बाजा चालूच. शेवटी एक पोरगी बोलली, आवाज गुळासारखा. तिनं नाव विचारलं, गाव विचारलं, सौंदड कुठं येतं ते विचारलं, आणि मग विचारला मशीनचा नंबर. तो मागच्या पितळी पट्टीवर असतो म्हणाली.

गिरजाबाईंनी खोळ काढली. पट्टीत त्यांना आपला चेहरा दिसला, पिठाच्या बोटांसकट. नंबर दिसला नाही.

त्यांनी खरं ते सांगितलं की पट्टी घासली, चिंचेनं. पोरीनं तिकडं कुणाला तरी विचारलं, तिकडं कुणीतरी हसलं, आणि मग तिनं मोठ्या आदबीनं सांगितलं की नंबराशिवाय तक्रार लिहिता येत नाही, आपण दुकानदाराला भेटा. म्हणजे दुकानदार म्हणतो कंपनी आणि कंपनी म्हणते दुकानदार. गिरजाबाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. नंबर नाही म्हटल्यावर प्रत्येक पोरगी तेवढ्याच गोडीनं त्यांना मुन्नालालकडं पाठवायची.

मग त्यांनी डबा बांधला, मशीन कडेवर घेतली आणि सकाळच्या पॅसेंजरनं गोंदिया गाठलं.

मुन्नालालचं दुकान बाजारात, थंड आणि लांबट. मुन्नालाल उग्र माणूस नव्हता. त्यानं मशीन उलटीपालटी केली आणि तिचं रूप पाहून थक्क झाला.

"माताजी, ये चलाई कितनी बार?"

"चार-पाच बार. लई जपली जी."

"यही तो गड़बड़ हो गई. रखे-रखे ख़राब हुई. मशीन को चलाते रहना पड़ता है."

"तुमीच तं आमच्या मालकाले सांगतलं, संभाल के रखना मनून."

"संभाल के मतलब चला के संभालो. बंद करके थोड़ी."

गिरजाबाईंनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "अन् रोज चलवली असती तं?"

"तो जल जाती. घरेलू मशीन है."

"मंग बरोबर किती चलवाची?"

मुन्नालाल म्हणाला, ते कंपनीला विचारा. आतलं सर्किटचं कार्ड गेलं असेल, पण तेही कंपनीच देते, आपल्याकडं मिळत नाही. आणि नंबराशिवाय कंपनी देणार नाही.

गिरजाबाईंची परतीची गाडी संध्याकाळी होती. तोवर इथं पंख्याखाली बसू का, असं त्यांनी विचारलं. वयानं मोठ्या बाईला नाही कसं म्हणणार? मुन्नालालनं स्टूल दिलं. त्या मशीन मांडीवर घेऊन बसल्या आणि हात रिकामे नकोत म्हणून पदरानं तिला पुसू लागल्या.

थोड्या वेळानं मुर्री गावचे ताराचंद आले. खिडक्यांच्या जाळ्या करायचा त्यांचा धंदा. काउंटरवर लोकांना दाखवायला ठेवलेली तशीच, त्याच कंपनीची मशीन त्यांनी उचलून पाहिली. गिरजाबाईंना आपल्या घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

"घ्या जी, चांगली हाय. वजनाले एकदम हलकी."

मुन्नालाल खूश झाला. ताराचंदनी विचारलं, तुमचीही हीच आहे का, कशी चालते?

"आमची आता चालत नाई. पर त्यात मशीनचा दोस नाई. कमी चलवली तं रखे-रखे खराब होते, जास्त चलवली तं जळते. बरोबर किती, ते कंपनीले मालूम. तुमी कंपनीले फोन करा. पोरी लई गोड बोलतेत, अन् तोवर बाजा आयकाले भेटते."

एक शब्दही खोटा नव्हता. मुन्नालालनं सांगितलं तेच त्या पुढं सांगत होत्या, आणि तेही त्याचा माल खपावा म्हणून. ताराचंदनी मशीन जागेवर ठेवली, मुन्नालालकडं जरा वेळ पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणून निघून गेले. त्यांच्यामागून एक नवरा-बायको आले, त्यांनाही गिरजाबाईंनी मनापासून शिफारस केली. तेही पुढच्या आठवड्यात येणार होते.

दुपारी मुन्नालालनं चहा मागवला. स्टेशनवर मोठे पंखे आहेत, असं त्यानं सहज सुचवून पाहिलं. गिरजाबाई म्हणाल्या, नाही, इथला वारा चांगला आहे. मग त्यांनी डबा उघडला, त्यालाही चटणी-भाकर वाढली, आणि पाट्यावरची चटणी खाता खाता मुन्नालालनं विचारलं, एवढी घाई कशाची आहे. गिरजाबाईंनी सगळं सांगितलं. चिचगड, ओसरीवरची दहा माणसं, बकऱ्या, आंब्याला टेकवलेला एक पल्ला.

"समधी कैसे हैं?" मुन्नालालनं विचारलं.

"इवाई कसे रायतेत? इवायासारखे."

मुन्नालाल चहा सांडेपर्यंत हसला. त्याची मुलगी बालाघाटला दिलेली होती. त्याच्या मनात बालाघाटचे व्याही आले की पुढच्या आठवड्यात येणारी गिऱ्हाइकं, हे सांगता येणार नाही. पण त्यानं काउंटरवरची दाखवायची मशीन उतरवली आणि गिरजाबाईंच्या पुढ्यात ठेवली. यांची मशीन तो ठेवून घेणार, कंपनीकडं पाठवून पाहणार, होईल त्याची खात्री नाही. ही आठ दिवसांसाठी. काम करून परत.

"एक ही शर्त है, माताजी. इसको चलाना. पोंछना मत."

ती अट गिरजाबाईंनी कशी पाळली ते त्यांचं त्यांना ठाऊक. मशीन अंगणात उघडी पडलेली, वर धूळ, रॉडची राख, एकदा तर कोंबडी बसली. त्या जाता-येता पदर कमरेला खोचून घ्यायच्या, नजर दुसरीकडं वळवायच्या. पुरनलाल मात्र सकाळी बसले की जेवायला हाक मारेपर्यंत उठत नसत. दुसरा पल्ला झाला. सूर्याचा उरलेला अर्धा भाग उगवला.

फक्त एक झालं. या मशीनचा झटका जरा दांडगा होता, त्यामुळे पहिल्या पल्ल्याचे सांधे नाजूक आणि दुसऱ्याचे जाडेभरडे. पुरनलालनी घासून पाहिले, रंग लावून पाहिला. जवळून पाहिलं की कळायचंच.

आणि टेकचंद जवळूनच पाहणार होते. घरभरणीच्या दिवशी ट्रॅक्टरमधून फाटक उतरलं, खांबांना बसलं, सूर्याचे दोन भाग बरोबर जुळले. पाहुणे वा वा करत असताना टेकचंदनी चष्मा लावला. एका सांध्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. रविता दारातून पाहत होती, हातात आरतीचं ताट.

"इवाई," टेकचंद म्हणाले, "हे दोन पल्ले एका हातचे दिसत नाई."

पुरनलाल खरं सांगणार होते. त्यांचं तोंड उघडलंही होतं. पण गिरजाबाई पुढं झाल्या.

"नवरा-बायको हायेत ना जी ते. एक नाजूक, एक दांडगं. सारखे कोन रायते? बंद करून पाहा."

टेकचंदनी दोन्ही पल्ले ओढले. खट् करून कडी बसली, मधे बोटभर फट नाही. त्यांच्या पत्नी मागून म्हणाल्या की यातलं दांडगं कोण ते तरी विचारा. सगळ्यात आधी टेकचंदच हसले. रवितानं ताट पुढं केलं, माणसांच्या आधी फाटकाला ओवाळलं, आणि या वेळी ती उशिरा हसली नाही.

त्या दिवशी सगळं गाव जेवून गेलं. पुरनलाल काही पंगतीला बसले नाहीत, त्यांचं पान रवितानं फाटकापाशीच नेऊन दिलं. येणाऱ्या प्रत्येकासाठी फाटक त्यांनीच उघडलं. उघडं असलं, तर आधी लावून घेत.