नवसाचे काळे पिल्लू

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चामोर्शी तालुक्यातील एका गावातून कोंबडीचे एक काळे पिल्लू चोरीला गेल्याची तक्रार आली. मी तेव्हा त्या ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्त झालो, तरी ती चौकशी डोक्यातून गेलेली नाही.

तक्रारदार बाईचा मुलगा मोठ्या तापातून उठला होता. धान घरी आले की गावदेवीला काळा कोंबडा द्यायचा, असा तिचा नवस होता; हे पिल्लू त्यासाठीच राखलेले. नवस चुकला तर मुलगा पुन्हा अंथरूण धरेल, ही तिची धास्ती. तिने शेजारणीचे नाव घेतले. त्या दिवसापासून शेजारणीला कोणी रोवणीला बोलावेना.

शेजारणीच्या कोंबड्या झाकायच्या डालीखाली काळे पिल्लू असल्याची खबर बीट अंमलदाराला मिळाली. डाल उचलली, तर खाली बहुतेक काळीच पिल्ले. खबऱ्याने बोट दाखवले ते अंमलदाराने ताब्यात घेतले. पंचनाम्यात लिहिले, ‘कोंबडीचे काळे पिल्लू, एक.’ शेजारणीने ते वाचून घेतले.

ठाण्यात ती म्हणाली, “साहेब, तिचा गेला कोंबडा. तुमच्या कागदात तं कोंबडी लिहून आहे. मंग मी चोर काऊन?”

“बाई, पिल्लू कोंबडीचंच असते,” अंमलदार म्हणाला.

“मी तं तेच सांगून राह्यली.”

हवालदाराने पिल्लाला पाय धरून उलटे केले. पिल्लाने मान वर उचलली. नर आहे, असे त्याने जाहीर केले. शिपायाने पुन्हा उलटे केले, तेव्हा मान लोंबत राहिली, म्हणजे मादी. मग पायांच्या जाडीवरून वाद झाला. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी सांगितले, “गावठी आहे. एवढ्यात खात्रीनं सांगता येत नाही. तुरा येऊ द्या.”

मी तक्रारदार बाईचा जबाब पुन्हा घेतला.

“बाई, तो कोंबडाच आहे हे कसं ओळखलं?”

“नवस कोंबड्याचा आहे जी.”

“पण पाहिलं होतं का?”

“देवीले कोंबडी कोण बोलते, साहेब? मंग कोंबडाच असन ना.”

संशयिताआधी तक्रारदाराला नीट विचारावे, हे मी तेव्हापासून पाळले. या प्रकरणात त्याचा उपयोग झाला नाही. दोघींनी पंचांसमक्ष आपसात ठरवून टाकले होते: नर निघाला तर तक्रारदाराचा, मादी निघाली तर शेजारणीची. मादी असली तरी ती चोरीची असू शकते, हे मी समजावून पाहिले. गोंधळ माझाच झाला आहे, अशा नजरेने पंच माझ्याकडे पाहत राहिले. पिल्लू सुपुर्दनाम्यावर पोलीस पाटलाकडे दिले.

दिवाळी झाली. तुरा बारीकच होता. काहींचा उशिरा येतो, असे अर्धे गाव म्हणत होते. एकाने तर आरवणे ऐकल्याचेही सांगितले. धान चुरणे, म्हणजे मळणी, सुरू असताना पोलीस पाटलाचा फोन आला.

“साहेब, तुमच्या मुद्देमालानं अंडं घातलं.”

तक्रारदार बाई ठाण्यात आली आणि तक्रार मागे घेतली. अंगठा देताना तिने विचारले, “मंग माहा कोंबडा कुठी गेला जी?”

धान घरी आल्यावर तिचा नवस फिटला. कोंबडा शेजारणीने आपल्या डालीतून काढून दिला. बीट अंमलदार तेव्हा गावात हजर होता. कोंबडा काळाच होता, असे त्याने मला सांगितले.