पातूरच्या भिंतीसाठी दोन जुन्या रॅम

"भिंत पुरी पाहायची असन तर मांगं सरका लागते, अन् त्या खोलीत मांगं सरकाले जागाच नाई," असं श्रावणमामा एकदा म्हणाले होते.

खोली म्हणजे पातूरच्या लेण्यांतली एक अरुंद, ओलसर जागा. पाठ मागच्या दगडाला टेकली तरी समोरची भिंत डोळ्यांत मावत नाही. मामा अमरावतीला एका सरकारी कचेरीत तीस वर्षं अनुरेखक होते. साहेबांनी आखलेले कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर हातानं उतरवायचे. आयुष्यभर रेघा काढल्या, त्यांतली एकही स्वतःची नव्हती. निवृत्तीनंतर ते या भिंतीच्या नादी लागले. तिच्यावर मूर्ती नाही, अक्षर नाही. नुसते छिन्नीचे घाव, वाऱ्यानं कललेल्या ज्वारीसारखे एका अंगाला झुकलेले. मामांनी फोनवर तिचे चारशे बारा तुकडे टिपले. आता ते जोडून अख्खी भिंत एकदा बघायची होती. काचबिंदूनं डावा डोळा नेला होता, आणि उजव्यातलं जग चोहीकडून आत सरकत होतं.

अकोल्यात त्यांची भाची दीपमाला कॉम्प्युटर जोडून देते. मामांसाठी तिनं स्वस्तातलाच एक बांधला होता, आठ जीबीचा. पण तिसाव्या फोटोपर्यंत गेला की तो मुकाट बंद पडायचा. मग एका सकाळी मामा तो डबा मांडीवर घेऊन बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि अकोल्याला उतरले.

"मामा, फोटो ठेवाले डिस्क मोठी हाये. पण ते पसरवाले जागा नाई," दीपमाला म्हणाली. "कपाट भरलेलं, अन् ओटा वीतभर. रॅम म्हणजे ओटा."

"मंग ओटा वाढव."

तिनं टेबलावर दोन पर्याय ठेवले. एक रॅमची नवी कोरी पट्टी, आठ जीबीची, डबीतली. दुसरीकडे कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून आलेल्या दोन जुन्या, तेवढ्याच क्षमतेच्या. भाव इतके चढले होते की एका नवीच्या पैशात या दोन येत होत्या.

"नवी घ्या. तुमच्या डब्यातल्या आठाशी तिची जोडी लागते का नाई, पाहू. नाई लागली तरी नवीले दहा वर्षं वारंटी हाये."

"दहा वर्षं मी पाहीन काय?"

मामांनी हे सहज, भाव विचारावा तसं म्हटलं होतं.

"या दोघी एका घरच्या दिसते," ते जुन्या पट्ट्यांकडे वाकून म्हणाले. "डब्यातली काढ, ह्या लाव."

"ह्या कवा मरतीन, सांगता येत नाई. मंग मले बोलू नका."

"तुले बोलून मी जाईन कुठं? जेवाले तुयाच घरी याचं हाये."

तिनं दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि तपासणी लावली. दुकानाची तशी रीतच होती: जुनी रॅम दुपारभर तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही. मामा स्टुलावर बसून उघड्या डब्यात बघत राहिले. हिरव्या पाटीवर बारीक रेघा निघाल्या होत्या. वळत होत्या, फुटत होत्या, पुन्हा मिळत होत्या. त्यांना वाटलं, आपण उतरवलेले सगळे कालवे कोणीतरी इथे आणून ठेवलेत, आणि त्यांतून पाण्याऐवजी काहीतरी फार पातळ वाहतंय. रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. एक पुंजका वाऱ्यावर तरंगत आत आला, पंख्याखाली घुटमळला, आणि मामांना काही वेळ ठरवता येईना की तो कापूस आहे की डोळ्यातला डाग.

बाराच्या सुमारास पडदा लाल झाला. दीपमालानं एकेक पट्टी काढून पाहिली. दोष दुसरीत होता.

"सांगतलं होतं. आता एकच उरली."

"आण इकडं."

मामांनी खिशातून पांढरं खोडरबर काढलं. कचेरी सुटली, पण खिशातलं रबर सुटलं नव्हतं. त्यांनी पट्टीच्या सोनेरी दातांवर बोट फिरवलं. तिथे मळ चढला होता, जुन्या टाकांच्या निबांवर चढायचा तसा.

"मीच घासते, तुमाले दिसते काय?"

"याले डोळे लागत नाई."

त्यांनी एकाच दिशेनं, हलक्या हातानं रबर ओढलं. फुंकलं. पुन्हा ओढलं. दीपमाला त्या बोटांकडे बघत राहिली. दिवसातून दहा पट्ट्या तीही घासायची, पण इतक्या सबुरीनं कधीच नाही.

पट्टी परत बसली. या वेळी तपासणी संपली आणि पडदा लाल झाला नाही. दोघींची मिळून सोळा जीबी दिसत होती.

दीपमालानं चारशे बारा फोटो निवडून जोडायला लावले. तिसावा गेला, शंभरावा गेला. चहा आला, निवला. मग करड्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यातून भिंत उतरू लागली, धुक्यातून शेत उतरावं तशी. घावाला घाव मिळत गेले. ती पुरी झाली तेव्हा दीपमालाला पहिल्यांदा कळलं की ते सगळे झुकलेले घाव एकाच हाताचे आहेत. वरून ताठ सुरू होऊन खाली येताना तो हात थकत, सैल होत गेला होता. उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत, दगड तसाच होता. कोरा.

मामांनी चेहरा पडद्याजवळ नेला. उजवा डोळा एका घावावरून दुसऱ्यावर सरकत राहिला, बराच वेळ. त्या कोऱ्या जागेशी तो थांबला. त्यांनी तिथे बोट टेकवलं, आणि तसंच राहू दिलं.

"मामा, छापून देऊ?" दीपमालानं विचारलं.

त्यांनी बोट उचललं. चपला पायात सरकवल्या, दाराची चौकट हातानं चाचपली, आणि "एकदा पाहायची होती, पाहिली," म्हणत बाहेरच्या कलत्या उन्हात निघून गेले.